नोंदवहीत नसलेला भार

१/
फ्रान्सच्या पश्चिम भागात, व्हिएन नदीच्या काठी सिव्हो नावाचे छोटे गाव आहे. तेथील अणुवीज केंद्राची पहिली अणुभट्टी डिसेंबर १९९७ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. फ्रान्सच्या अणुभट्ट्यांची ती सर्वांत नवी पिढी होती. पाच महिनेही उलटले नव्हते, तोच १२ मे १९९८ रोजी तिच्या एका नळातून ताशी सुमारे ३० घनमीटर पाणी गळू लागले. महाराष्ट्रातील उन्हाळ्याच्या हिशेबात सांगायचे तर दर तासाला दहा हजार लिटरचे तीन टँकर.

२/
त्या वेळी अणुभट्टी बंद होती. पण बंद अणुभट्टीतील इंधनही उष्णता देत राहते आणि ती उष्णता वाहून नेण्यासाठी नळांची वेगळी व्यवस्था असते. गळती त्याच व्यवस्थेत झाली. नळ ३०४एल या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा होता. त्याच्या वळणावरील कोपराला, म्हणजे एल्बोला, बाहेरच्या अंगाने वेल्डिंगच्या सांध्यावर सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा आरपार तडा गेलेला आढळला. गंज नव्हता आणि नळावर कोणताही आघात झालेला नव्हता. पोलाद थकले होते.

३/
या घटनेत कोणी दगावले नाही, म्हणून ती लोकप्रिय इतिहासकथनात फारशी येत नाही. धातूच्या थकव्याचा इतिहास सहसा मोठ्या अपघातांच्या तारखांवरून सांगितला जातो: १८४२ ची रेल्वे, १९५४ ची विमाने, आणि मग शास्त्रज्ञांनी सूत्र शोधले व प्रश्न मिटला. ही मांडणी सोयीची आहे, खरी नाही. सूत्र सापडून साठ वर्षे झाली, तरी तडे जातच आहेत. त्यांचे कारण बहुधा सूत्रातील चूक हे नसते. ज्या भाराने धातू थकतो, तो भार कोणी नोंदवहीत लिहिलेलाच नसतो.

४/
प्रथम थकवा म्हणजे काय ते पाहू. तार एकदा वाकवून तुटत नाही. तीच तार पुनःपुन्हा मागेपुढे वाकवली की तुटते. प्रत्येक वेळचा ताण धातूच्या ताकदीपेक्षा पुष्कळ कमी असला तरी शेवटी ती तुटतेच. ताणाच्या प्रत्येक आवर्तनात धातूच्या कणांमध्ये सूक्ष्म घसरण होते, घसरणीतून चीर उमटते आणि चिरेचे टोक दर आवर्तनाला मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने किंवा त्याहूनही कमी अंतराने पुढे सरकते. बाहेरून काहीच दिसत नाही. उरलेला अखंड भाग भार पेलेनासा झाला की तुकडा तुटतो. वृत्तपत्रात तारीख येते ती त्या दिवसाची. इतिहास मात्र पहिल्या आवर्तनापासून सुरू झालेला असतो.

५/
८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या पुढच्या इंजिनाचा आस म्यूदाँजवळ तुटला. डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. पन्नासहून अधिक प्रवासी जळून मेले. दक्षिण ध्रुवीय समुद्राचा प्रवास करून आलेला दर्यावर्दी द्यूमाँ द्युर्व्हील पत्नी आणि मुलासह त्यांत होता. तुटलेल्या आसांचे पृष्ठभाग स्फटिकासारखे चमकत, म्हणून त्या काळी असे मानले जाई की हादऱ्यांमुळे तंतुमय लोखंड हळूहळू स्फटिकमय आणि ठिसूळ होते. ही समजूत पुढे अनेक दशके टिकली. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा सोपा अर्थ लावला की तो किती चिवट ठरतो, याचा हा नमुना.

६/
पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, विल्यम रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने रेल्वेच्या आसांच्या अनपेक्षित तुटण्यावर एक निबंध वाचला. त्याचे वय तेव्हा बावीस-तेवीस. आस जेथे जाडीवरून एकदम बारीक होतो त्या खांद्याच्या काटकोनी कोपऱ्यातून चीर आत शिरते, हे त्याने दाखवले आणि उपाय सुचवला: जाडी एकदम बदलू नये, गोलाई देऊन सावकाश उतरती करावी. या तत्त्वाला त्याने सातत्याचा नियम म्हटले. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. १५२ वर्षांनी जपानमध्ये त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

७/
प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर याचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, पण त्याच्या कामाचा अर्धाच भाग. त्याने १८६० च्या दशकात आसांचे नमुने यंत्रावर लक्षावधी वेळा वाकवून किती ताणाला किती आवर्तने टिकतात याचे तक्ते दिले. त्या तक्त्यांवरून नंतरच्यांनी आलेख काढले आणि त्या आलेखाला त्याचे नाव दिले. परंतु प्रयोगशाळेकडे वळण्यापूर्वी व्होलरने दुसरे एक काम केले होते. धावत्या गाडीचा आस प्रत्यक्षात किती वाकतो हे मोजण्यासाठी त्याने स्वतः उपकरण बनवले, ते डब्याखाली बसवले आणि खऱ्या प्रवासातील खरा भार नोंदवला. पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि हे मोजमाप तळटीपेत टाकले. या विषयाच्या इतिहासलेखनातील ही सर्वांत महागात पडलेली निवड म्हणावी लागेल.

८/
विसाव्या शतकात दृष्टी बदलली. व्होलरच्या परंपरेत प्रश्न असा होता: तडा पडायला किती आवर्तने लागतील? १९६१ मध्ये पॉल पॅरिस आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी प्रश्नच बदलला: तडा आहेच असे धरा, तो दर आवर्तनाला किती वाढेल? जॉर्ज अर्विन याने १९५७ मध्ये तड्याच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो हे एका संख्येत बसवले होते. पॅरिसचे म्हणणे असे की तड्याच्या वाढीचा वेग या तीव्रतेच्या चढउताराच्या एका घातावर अवलंबून असतो. आज यालाच पॅरिसचा नियम म्हणतात. तेव्हा मात्र तीन नामवंत नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला आणि शेवटी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका साध्या नियतकालिकात तो छापून आला.

९/
घात या शब्दावर थोडे थांबायला हवे, कारण सगळी गोम तेथे आहे. अणुवीज केंद्रांतील स्टेनलेस स्टीलच्या भागांसाठी अमेरिकी अभियंत्यांच्या संहितेत हा घातांक ३.३ धरला जातो. म्हणजे ताणाचा चढउतार दुप्पट झाला तर वाढीचा वेग दुप्पट होत नाही, जवळजवळ दसपट होतो. भाराचा अंदाज निम्म्याने चुकला तर वीस वर्षांचे आयुष्य दोन वर्षांवर येते. सूत्रातील बाकी सर्व आकडे दशांशापर्यंत अचूक असले तरी या एका चुकीपुढे ते निरुपयोगी.

१०/
याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते. ताण स्थिर आहे आणि तड्याचा आकार फारसा बदलत नाही असे साधे उदाहरण घेतले, तर १ मिलिमीटर खोलीचा तडा १६ मिलिमीटर होईपर्यंतच्या काळापैकी सुमारे ७० टक्के काळ पहिल्या ३ मिलिमीटरमध्ये, म्हणजे १ पासून ४ पर्यंत पोहोचण्यात जातो. उरलेले १२ मिलिमीटर उरलेल्या ३० टक्के काळात. म्हणजे तडा सहज दिसण्याजोगा होतो तोवर आयुष्याचा मोठा भाग संपलेला असतो. मूल्यमापन करणाऱ्याची खरी परीक्षा तडा लहान असताना असते, आणि स्टेनलेस स्टील नेमके तेथेच हुलकावणी देते.

११/
या अगंज पोलादाचा जन्म १९१२-१३ च्या सुमाराचा. जर्मनीत क्रुप कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये शेफील्डला जवळपास एकाच वेळी त्याचे वेगवेगळे प्रकार सिद्ध झाले. क्रोमियम सुमारे १८ टक्के आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास असा जो प्रकार रूढ झाला, तोच घरातील डब्यांत आणि तोच, थोड्या फरकाने, अणुभट्टीच्या नळांत. तो चिवट असतो. काचेसारखा तडकत नाही. पण बहुधा चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे साध्या पोलादातील तडे शोधण्याची चुंबकीय भुकटीची सोपी पद्धत येथे चालत नाही. वेल्डिंगच्या सांध्यात त्याचे कण इतके मोठे आणि एकाच दिशेला वाढलेले असतात की अल्ट्रासोनिक चाचणीच्या लहरी विखुरतात आणि लहान तड्याचा प्रतिध्वनी गोंगाटात हरवतो.

१२/
शिवाय ते उष्णता नीट वाहू देत नाही. साध्या पोलादाच्या तुलनेत त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता सुमारे एक तृतीयांश, आणि तापल्यावर फुगणे मात्र जवळजवळ दीडपट. स्टीलच्या पातेल्याला तांब्याचे बूड का लावतात हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक असते. नळाच्या आतल्या पृष्ठभागावर एकदा गरम आणि एकदा गार पाणी लागले, तर आतला थर फुगायला आणि आक्रसायला पाहतो आणि त्यामागची जाडी त्याला धरून ठेवते. दाबात काडीचाही फरक न होता धातू ताणला जातो.

१३/
सिव्होला हेच घडले. उष्णता काढून घेणाऱ्या व्यवस्थेत एका टी-आकाराच्या सांध्यापाशी गरम आणि गार पाण्याचे प्रवाह एकत्र येत. कागदावर दोन तापमाने आणि मिश्रणाचे तिसरे तापमान एवढेच होते. प्रत्यक्षात दोन प्रवाह शिस्तीत मिसळत नाहीत. ते एकमेकांना ढकलत राहतात आणि नळाच्या भिंतीवरील एकाच जागी कधी गरम तर कधी गार पाणी लागते. तपासणीत कोपराच्या आतल्या अंगाला जुन्या चिनी मातीच्या बशीवर असते तशी बारीक चिरांची जाळी दिसली. अशाच रचनेच्या शो येथील दोन अणुभट्ट्यांतही तडे सापडले. एका नळाचे दुर्दैव म्हणून ही गोष्ट सोडून देण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

१४/
आता नोंदवहीकडे वळू. अणुभट्टीच्या आराखड्यात तिच्या आयुष्यात कोणते प्रसंग किती वेळा येतील याची यादी असते: तापवणे, गार करणे, अचानक बंद होणे. त्यांची संख्या सहसा शेकड्यांत. केंद्र चालवणारे अशा प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवतात आणि थकव्याचा हिशेब त्या नोंदीवर उभा राहतो. तापमानाचा चढउतार दर ५ सेकंदांनी एकदा होतो असे केवळ उदाहरणादाखल धरले, तर एका दिवसात १७,२८० आवर्तने होतात. नळाच्या बाहेर लावलेल्या सावकाश तापमापकाला त्यांतले एकही दिसत नाही. तो सरासरी सांगतो. नोंदवही प्रामाणिक होती. तिच्यात खोटे काहीच नव्हते. फक्त जे पोलादाने सोसले ते तिच्यात नव्हते.

१५/
हे आधी कळू शकत नव्हते काय? डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतील फार्ली येथे आणि जून १९८८ मध्ये बेल्जियममधील तिआंज येथे आणीबाणीत थंड पाणी सोडणाऱ्या नळांत थकव्याचे आरपार तडे गेले होते. तेथे दोष एका बंद व्हॉल्व्हमधून झिरपणाऱ्या पाण्याचा होता. गार पाण्याचा पातळ ओघ गरम नळाच्या तळाशी जाऊन बसे. बंद म्हणून नोंदलेला व्हॉल्व्ह प्रत्यक्षात बंद नव्हता! अमेरिकी अणुनियामक मंडळाने जून १९८८ मध्येच त्याबद्दल पत्रक काढले. फ्रान्समध्येही डांपियेर येथे १९९२ आणि १९९६ मध्ये याच घराण्यातील तडे आढळले. कारण दरवेळी थोडे निराळे, पण वळण एकच: यादीत नसलेला उष्णतेचा चढउतार. सिव्होचा तडा धक्कादायक होता असे म्हणणे त्यामुळे जड जाते.

१६/
या घटना वाचताना मराठी इतिहासप्रेमींना एक जुना वाद आठवावा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींच्या विश्वासार्हतेवर कठोर प्रश्न उभे केले. बखरकार खोटारडे होते असा त्याचा सरसकट अर्थ नव्हे. बखर म्हणजे लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले आणि आठवले ते. समकालीन अस्सल कागद त्याच घटनेचा अवशेष असतो. भारांची यादी ही अभियंत्यांची बखर आहे. तिचा अस्सल कागद कोणता, तर तुटलेला पृष्ठभाग.

१७/
हे केवळ अलंकारिक नाही. १९६० मध्ये फॉर्सिथ आणि रायडर या ब्रिटिश संशोधकांनी ठरावीक क्रमाने भार बदलत तडा वाढवला आणि नंतर तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यावर समांतर बारीक रेषा होत्या आणि एका आवर्तनाला एक रेषा असा मेळ बसला. वाळूवर ओसरत्या लाटेने ओढलेल्या रेघांसारख्या या रेषा. दोन रेषांमधील अंतर मोजले की त्या क्षणी तडा किती वेगाने वाढत होता ते कळते. वेग कळला की पॅरिसचे सूत्र उलटे चालवून तेथे किती ताण होता ते काढता येते. ज्या भाराची कोणीही नोंद ठेवली नाही, त्याची नोंद धातूने स्वतः ठेवलेली असते.

१८/
अर्थात अस्सल कागदही तपासूनच वाचावा लागतो. तड्याच्या दोन बाजू एकमेकींवर घासून रेषा पुसल्या जातात. गरम पाण्यात पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढतो. वाढ अतिशय मंद असते तेव्हा एका रेषेमागे अनेक आवर्तने असू शकतात आणि तडा जन्मला त्या सुरुवातीच्या काळाच्या रेषा बहुधा नसतातच. पहिली पाने फाटलेल्या दप्तरासारखी ही स्थिती. पण फाटक्या दप्तराला जितका मान इतिहासकार देतात, तितका तुटलेल्या नळाला अभियांत्रिकीच्या कथनात मिळत नाही. अहवालाच्या परिशिष्टात त्याची छायाचित्रे असतात आणि मुख्य पानांवर यादीचा हिशेब.

१९/
यावर एक उत्तर ठरलेले आहे आणि ते फेटाळण्याजोगे नाही. अभियंते म्हणतात की अज्ञात भारासाठीच तर सुरक्षेचे गुणक असतात. अमेरिकी संहितेने प्रयोगशाळेतील गुळगुळीत नमुन्यांचे आयुष्य घेतले आणि आवर्तनांना २० ने किंवा ताणाला २ ने भागून जे कमी येईल ते आराखड्यासाठी धरले. दुसरे असे की हे पोलाद चिवट असल्याने ते फुटण्याआधी गळते आणि गळती दिसताच केंद्र बंद करता येते. सिव्होला तसेच झाले: नळ फुटला नाही, गळला.

२०/
पण २० हा आकडा आला कोठून? नमुन्यांतील विखुरणीसाठी २, लहान नमुना आणि मोठा भाग यांतील फरकासाठी २.५, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि सभोवतालचे वातावरण यांसाठी ४. गुणाकार २०. यांतील प्रत्येक वाटा आधीच कशासाठी तरी खर्ची पडलेला आहे. अनोळखी भारासाठी राखून ठेवलेला वाटा त्यात नाहीच. 'वातावरण' या शब्दात अणुभट्टीतील तापलेले पाणी धरलेले नव्हते, हेही पुढे स्पष्ट झाले. जपान आणि अमेरिकेतील चाचण्यांत अशा पाण्यात स्टेनलेस स्टीलचे थकव्याचे आयुष्य बरेच घटते असे दिसले. नवल म्हणजे पाण्यात ऑक्सिजन कमी असतानाही ते घटते, किंबहुना अधिकच घटते. अमेरिकी नियामकांनी २००७ मध्ये नव्या अणुभट्ट्यांसाठी हा परिणाम हिशेबात घेण्याचा मार्गदर्शक जारी केला. चाळीसेक वर्षे जो गुणक शिलकी खजिना समजला गेला, तो बराचसा आधीच खर्चलेला होता.

२१/
आणि फुटण्याआधी गळणे हा पोलादाचा गुण आहे, व्यवस्थेचा नव्हे. गळती दिसायला कोणी पाहणारे लागते आणि पाहिलेले सांगणारेही लागते. त्या दुसऱ्या गोष्टीसाठी जपानमधील त्सुरुगाकडे जावे लागेल. तेथे 'मोंजू' ही द्रवरूप सोडियमने थंड होणारी अणुभट्टी ऑगस्ट १९९५ मध्ये वीज देऊ लागली होती. ८ डिसेंबर १९९५ च्या संध्याकाळी तिच्या दुय्यम सोडियम नळातून सुमारे ६४० किलो सोडियम गळले आणि हवेशी संपर्क येताच पेटले. सोडियमच्या प्रवाहात खुपसलेल्या एका तापमापकाची स्टेनलेस स्टीलची म्यान तुटली होती.

२२/
म्यान तुटली ती जाडी एकदम कमी होते त्या पायरीपाशी. वाहत्या द्रवात उभ्या काठीमागे भोवरे सुटतात आणि काठी थरथरते, हे आराखडा करणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी प्रवाहाला आडव्या थरथरीचा विचार केला. प्रवाहाच्याच दिशेने होणारी पुढेमागे थरथर हिशेबात आली नाही. ती नोंदवहीत नसलेली थरथर म्यानेला लागली आणि तीक्ष्ण पायरीने ती एका कोपऱ्यात गोळा केली. रँकिनने १८४३ मध्ये रेल्वेच्या आसाबद्दल जे लिहिले होते, ते येथे शब्दशः लागू पडत होते. नियम विस्मृतीत गेला होता असे कोणी म्हणणार नाही. तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकवला जातो. पण ज्या भागावर मोठा भार येत नाही असे यादी सांगत होती, त्या भागाला तो लावण्याची गरज कोणाला वाटली नाही.

२३/
पुढचा भाग धातूचा नाही. गळतीनंतर आत जाऊन केलेल्या चित्रफितींतील दृश्ये कापून मवाळ फीत पत्रकारांना दाखवली गेली आणि मूळ फिती असल्याचे लपवले गेले. हे उघड झाल्यावर जपानमध्ये क्षोभ उसळला. लपवाछपवीची अंतर्गत चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने जानेवारी १९९६ मध्ये आपले जीवन संपवले. सोडियमच्या आगीत कोणी मेले नव्हते. बोटाएवढ्या बारीक नळीतील तड्याची चौकशी सुरू असताना एक माणूस गेला आणि त्याबरोबर त्या संपूर्ण प्रकल्पावरील जनतेचा विश्वासही गेला. थकव्याचे मूल्यमापन हा केवळ तांत्रिक विषय आहे असे मानणाऱ्यांनी मोंजूचा इतिहास येथपर्यंत वाचावा.

२४/
हा विषय आता अधिक निकडीचा का, तर यंत्रे म्हातारी होत आहेत. चाळीस वर्षांसाठी बांधलेल्या अणुभट्ट्यांना अमेरिकेत आधी साठ आणि आता काहींना ऐंशी वर्षांपर्यंत परवाने मिळत आहेत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या, जगातील सर्वांत जुन्या व्यापारी अणुभट्ट्यांपैकी. वयाचा प्रश्न मराठी वाचकांच्या अंगणातलाच आहे. आयुष्य वाढवण्याचा निर्णय घेताना जुनी नोंदवही उघडली जाते, झालेली आवर्तने मोजली जातात आणि उरलेली शिल्लक काढली जाते. ही पद्धत चूक नाही, पण अपुरी आहे. व्होलरने जे डब्याखाली केले, ते येथे नळावर व्हायला हवे: जेथे गरम आणि गार प्रवाह भेटतात, जेथे बंद व्हॉल्व्ह झिरपू शकतो, तेथे वेगाने मोजणारे तापमापक लावून खरा भार नोंदवणे. आणि जो भाग बदलून बाहेर काढला जातो तो भंगारात न टाकता कापून पाहणे. न तुटलेल्या नळाच्या पोटातही वाचण्याजोगा कागद असतो.

२५/
याला खर्च येतो आणि काही ठिकाणी किरणोत्सारामुळे माणसाला जवळ जाणेही कठीण असते. सर्व नळांवर सर्व काही मोजता येणार नाही, हे मान्य. पण कोणत्या जागेचा भार मोजून लिहिला आणि कोणत्या जागेचा गृहीत धरून, हे तरी अहवालात वेगळे दाखवता येते. त्याला खर्च नाही. इतिहासाच्या पुस्तकात प्रत्यक्षदर्शीचे आणि ऐकीव असे दोन प्रकारचे पुरावे एकाच रांगेत बसवले तर टीकाकार त्या लेखकाला सोडत नाहीत. येथे मात्र दोन्ही एकाच तक्त्यात, एकाच ठशात छापले जातात.

२६/
मोंजूच्या तापमापकांना नंतर नव्या म्याना बसवल्या गेल्या. त्या आधीपेक्षा आखूड होत्या आणि त्यांना पायरी नव्हती. त्या सावकाश निमुळत्या होत जात. मे २०१० मध्ये अणुभट्टी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंधन हाताळणारे एक अवजड यंत्र तिच्या पात्रात पडले आणि ती पुन्हा बंद पडली. २१ डिसेंबर २०१६ रोजी ती कायमची मोडीत काढण्याचा निर्णय जपान सरकारने जाहीर केला. नव्या निमुळत्या म्यानांना काही महिन्यांपलीकडे काम करावे लागले नाही.